राज खोसला यांचे रहस्यपट: कोणते पाहावेत, आणि त्यातला एक मुळात मराठी कसा?

केम म्हटलं की कुंकू. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधे हे गाव लागतं आणि कुंकवासाठी ते ओळखलं जातं. कुंकू मुळात हळदीचं. पिवळ्या हळदीत चुन्यासारखा क्षार पडला की ती लाल होते. हळद डोळ्यांसमोरच असते, त्यात काय पडणार हेही कळलेलं असतं, तरी रंग पालटताना बघायला माणूस थांबतोच.

चांगल्या रहस्यपटाचंही असंच असतं. सगळा माल आपल्यासमोर मांडलेला असतो. एक चिमूट पडते आणि सगळ्याचा रंग बदलतो.

हिंदी सिनेमात ही चिमूट नेमकी कधी टाकायची, हे ज्यांना कळलं होतं, त्यात राज खोसला यांचं नाव फार वर आहे. 'सी.आय.डी.', 'वो कौन थी?', 'मेरा साया' ही नावं तुम्ही ऐकली असतील. निदान त्यांची गाणी तरी तुमच्या मोबाईलवर रीलमधून येऊन गेली असतीलच. पण 'मेरा साया'ची मूळ गोष्ट मराठी आहे, ती आधी मराठी पडद्यावर आली होती आणि त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता, हे किती जणांना माहीत असतं?

म्हणून हा लेख. राज खोसला यांचे कोणते सिनेमे पाहावेत, ते कशासाठी पाहावेत आणि त्यांच्यामागे असलेलं मराठी लेखकांचं देणं काय, ते एकेक करून पाहू. काळजी करू नका, या रहस्यपटांपैकी कोणाचाही शेवट इथे फोडलेला नाही.

आधी एक फरक समजून घ्या: धक्का वेगळा, उत्कंठा वेगळी

रहस्यपटांचा विषय निघाला की आल्फ्रेड हिचकॉक यांचं नाव येतंच. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी त्यांची लांबलचक मुलाखत घेतली. तीत हिचकॉक यांनी धक्का आणि उत्कंठा यातला फरक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितला होता. तेच उदाहरण आपण आपल्या गावात आणू.

समजा, केमच्या स्टेशनवर बाकड्यावर दोन पाहुणे बसलेत. गाडीला वेळ आहे. सोयरिकीच्या गप्पा चालल्यात, मुलगी काय शिकली, जमीन किती, पाणी आहे का. अचानक बाकड्याखाली स्फोट होतो. आपण दचकतो. पण त्याआधीची पाच मिनिटं आपण आळोखेपिळोखे देत बसलेलो असतो. हा झाला धक्का.

आता तोच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने. आपण आधीच पाहिलंय की एक माणूस बाकड्याखाली पिशवी सरकवून निघून गेला. स्टेशनच्या घड्याळात पाचच मिनिटं उरलीत. पाहुणे तीच सोयरीक बोलतायत, पण आता आपला जीव टांगणीला लागलाय. "अहो, उठा की तिथनं!" असं ओरडावंसं वाटतं. ही उत्कंठा. पहिल्या प्रकारात प्रेक्षक एक क्षण हलतो, दुसऱ्या प्रकारात पाच मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसतो.

राज खोसला यांनी साठच्या दशकात जे केलं ते या दोन्हींच्या मधलं आहे. त्यांच्या गाजलेल्या रहस्यपटांत बॉम्ब नसतो, एक बाई असते. ती कोण आहे हे नायकाला कळत नाही, आणि प्रेक्षकालाही नायकाइतकंच दिसतं. नायकाचा संशय बदलला की आपलाही बदलतो. म्हणजे पिशवी आपल्याला दिसते, पण तिच्यात बॉम्ब आहे की शिदोरी, ते कळत नाही.

राज खोसला कोण होते?

जन्म ३१ मे १९२५, पंजाबातला. मुंबईत आले ते गायक व्हायला. गळा चांगला होता, आकाशवाणीवर कामही केलं होतं. पण देव आनंद यांच्यामुळे ते गुरुदत्त यांच्याकडे सहायक म्हणून लागले आणि गाडीने रूळ बदलला.

गाणं मात्र सुटलं नाही. त्यांच्या रहस्यपटात गाणं म्हणजे मधे घातलेली विश्रांती नसते, कथेतला धागा असतो. पुढे 'वो कौन थी?' आणि 'मेरा साया'मध्ये हे ठळक दिसतं.

दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा 'मिलाप' (१९५५). तो चालला नाही. दुसऱ्याने मात्र नशीब काढलं. ९ जून १९९१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं, तोवर त्यांच्या नावावर रहस्यपट, कौटुंबिक सिनेमे, डाकूपट असं बरंच काही जमा झालं होतं. 'मेरा गाँव मेरा देश' (१९७१) हा त्यांचाच. त्यातल्या डाकूचं नाव जब्बर सिंग होतं आणि ती भूमिका विनोद खन्ना यांची होती. 'शोले'तला गब्बर त्यानंतर चार वर्षांनी आला.

आता सिनेमांकडे वळू.

१. सी.आय.डी. (१९५६)

निर्माते गुरुदत्त, नायक देव आनंद, संगीत ओ. पी. नय्यर. एका वृत्तपत्राच्या संपादकाचा खून होतो आणि तपास इन्स्पेक्टर शेखरकडे येतो. तपास करता करता शेखरच अडकत जातो.

वहिदा रहमान यांचा हा पहिला हिंदी सिनेमा. त्याआधी त्या तेलुगू सिनेमात दिसल्या होत्या. इथे त्यांची भूमिका साधीसरळ नायिकेची नाही. ही बाई कोणाच्या बाजूची, हा प्रश्न बराच वेळ आपल्याला छळतो. खोसला यांच्या पुढच्या सगळ्या रहस्यपटांचं बी इथे पडलंय.

कशासाठी पाहावा: मुंबईसाठी. रस्ते, मोटारी, रात्रीचे दिवे आणि जॉनी वॉकरने टांग्यात बसून म्हटलेलं मुंबईचं गाणं. या शहरात कोणावर विश्वास ठेवायचा, हा सिनेमाचा प्रश्न आणि गाण्यातली थट्टा दोन्ही एकाच सुरात जातात. एक गंमत म्हणजे त्या गाण्यात जॉनी वॉकरसोबत असलेल्या अभिनेत्रीचं पडद्यावरचं नाव कुमकुम होतं.

२. काला पानी (१९५८)

लहानपणापासून ज्याला वडील वारले असं सांगितलं गेलं, त्या तरुणाला कळतं की ते जिवंत आहेत आणि खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहेत. त्यांनी खून केलाच नव्हता असं मानून तो हैदराबादला जातो आणि जुने साक्षीदार शोधू लागतो. कथा ए. जे. क्रोनिन यांच्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली.

या सिनेमासाठी देव आनंद यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं आणि नलिनी जयवंत यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचं. मुंबईच्या मराठी घरातल्या नलिनी जयवंत यांनी इथे जी कोठ्यावरची किशोरी उभी केली, ती पाहण्यासाठीच हा सिनेमा लावावा. पुरावा तिच्याकडे आहे. तो तिने द्यावा की नाही, यावर सगळं अडलंय.

३. बम्बई का बाबू (१९६०)

हा तसा रहस्यपट नाही, कारण यात आपल्याला सगळं आधीच माहीत असतं. कायद्यापासून पळणारा एक तरुण एका घरात त्यांचा हरवलेला मुलगा म्हणून शिरतो. घरातली मुलगी त्याला भाऊ मानते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. देव आनंद आणि सुचित्रा सेन. कथेचं मूळ ओ. हेन्री यांच्या एका गोष्टीत.

बाकड्याखालची पिशवी आठवते का? तो प्रकार खोसला यांनी सगळ्यात जवळून इथे हाताळलाय. घरच्यांना माहीत नाही, आपल्याला आहे. आता हे कधी फुटणार, या भीतीत प्रत्येक साधा प्रसंग, जेवणाचं ताटसुद्धा, जड होत जातं.

४. वो कौन थी? (१९६४)

पावसाळी रात्र. डॉक्टर आनंद गाडी चालवतोय. रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या साडीतली एक बाई उभी. तो तिला गाडीत घेतो. काचेवरचा वायपर बंद पडतो, पण तिला रस्ता स्पष्ट दिसतो. ती उतरते स्मशानाशी, आणि फाटक आपोआप उघडतं.

पुढे आई मुलाचं लग्न ठरवते. नवरी घरात येते, आणि ती हीच बाई असते.

साधना आणि मनोजकुमार, संगीत मदनमोहन, गीतं राजा मेहदी अली खान. कृष्णधवल छायाचित्रणासाठी के. एच. कापडिया यांना फिल्मफेअर मिळालं, आणि ते का मिळालं हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. धुकं, दिवे आणि पांढरी साडी, एवढ्यावर त्यांनी भीती उभी केलीय.

यातलं 'लग जा गले' आज साठ वर्षांनंतरही रोज कोणीतरी गाऊन टाकतं. हे गाणं खोसला यांना आधी पसंत पडलं नव्हतं आणि मनोजकुमार यांनी पुन्हा ऐकायला लावल्यावर त्यांनी ते घेतलं, असा किस्सा सांगितला जातो. एरवी ते प्रेमगीत म्हणूनच ऐकलं जातं. सिनेमात मात्र ते गाणारी बाई माणूस आहे की आणखी काही, हेच आपल्याला ठाऊक नसतं. पुन्हा भेट होईल न होईल, हे ती प्रेमाने म्हणतेय की इशारा देतेय? एकदा सिनेमात पाहिलंत की ते गाणं पूर्वीसारखं ऐकू येणार नाही.

हा सिनेमा तमिळमध्ये 'यार नी?' (१९६६) नावाने पुन्हा झाला. त्यात साधनाची भूमिका जयललिता यांनी केली.

५. मेरा साया (१९६६), म्हणजे आधीचा 'पाठलाग' (१९६४)

आता मुद्द्याची गोष्ट.

एका माणसाची लाडकी बायको आजारी पडते आणि त्याच्या देखत जाते. तो तिच्या आठवणीत बुडून जातो. काही दिवसांनी पोलीस एका बाईला पकडतात. ती हुबेहूब त्याच्या बायकोसारखी दिसते. ती म्हणते, मी तुमची बायकोच आहे. नवऱ्याने बायकोचा मृत्यू डोळ्यांनी पाहिलाय. मग ही कोण? आणि ही खोटी असेल, तर दोघांतल्याच खासगी गोष्टी हिला कशा माहीत?

ही कथा जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या मराठी कादंबरीतली. तिच्यावर राजा परांजपे यांनी १९६४ साली 'पाठलाग' काढला. डॉ. काशिनाथ घाणेकर नायक आणि भावना नायिका. 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे', 'जगाच्या पाठीवर' असे हसवणारे आणि हळवे सिनेमे देणाऱ्या राजाभाऊंनी हा काळोखा, कोर्टातला सिनेमा केला, आणि त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६५ मध्ये तमिळमध्ये त्यावरून 'इदय कमलम्' निघाला, के. आर. विजया यांच्या भूमिकेचा. आणि १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया'.

म्हणजे दोन वर्षांत एक मराठी गोष्ट तीन भाषांत पोचली.

हिंदीत सुनील दत्त वकील झाले आणि साधना यांनी दुहेरी ओढ असलेली ती बाई उभी केली. उदयपूरचा तलाव आणि महाल आले, रंग आले. गोष्टीचा कणा मात्र तोच राहिला.

दोन्ही सिनेमांतलं एक साम्य संगीतप्रेमींनी मुद्दाम पाहावं. गेलेल्या बायकोचा आवाज गाण्यातून घरभर फिरत राहतो, ही कल्पना 'पाठलाग'मध्येच होती. तिथे ते गाणं ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलं, दत्ता डावजेकर यांनी चाल दिली आणि आशा भोसले यांनी गायलं. हिंदीत त्याच जागी मदनमोहन यांच्या चालीवर लता मंगेशकर गायल्या. एकाच प्रसंगासाठी दोन भाषांत दोघी बहिणींचे आवाज, हा योग फारसा सापडत नाही. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकून पाहा.

आशाताई हिंदीतही आहेतच. बरेलीच्या बाजारातल्या झुमक्याचं ते प्रसिद्ध गाणं 'मेरा साया'तलं आणि त्यांनीच गायलेलं. २०२३ च्या 'रॉकी और रानी की प्रेम कहानी'मध्ये त्याचा मुखडा पुन्हा वापरला गेला आणि त्यावर असंख्य रील निघाले. त्या गाण्याची नाळ शोधत मागे गेलं, तर ती एका मराठी कादंबरीपाशी जाऊन थांबते.

६. अनिता (१९६७)

साधना आणि खोसला यांच्या रहस्यपटांपैकी हा तिसरा. पुन्हा मनोजकुमार, पण संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. जिच्यावर प्रेम केलं ती मुलगी गेली असं कळतं, आणि मग ती वेगवेगळ्या रूपांत नायकाला दिसू लागते. आधीच्या दोन सिनेमांइतका हा चालला नाही. तीच किल्ली तिसऱ्यांदा फिरवल्यावर प्रेक्षकाला कुलपाचा आवाज आधीच ओळखू येतो. तरीही तिन्ही सिनेमे ओळीने पाहिले, तर एक दिग्दर्शक एकच प्रश्न कसा उलटसुलट करून विचारतो हे कळतं.

तो प्रश्न कोणता?

तो असा: "तू कोण आहेस, ते सिद्ध कर."

आणि हा प्रश्न दर वेळी बाईलाच विचारला जातो. 'वो कौन थी?'मध्ये नवी नवरी सासरी येते आणि तिच्यावर नवराच पहारा ठेवतो. 'पाठलाग' आणि 'मेरा साया'मध्ये तर ती कोर्टात उभी राहते आणि आपल्याच संसाराच्या खुणा, घरातले शब्द, दोघांच्या आठवणी परक्या माणसांसमोर मांडते. समोर बसलेला नवरा त्या सगळ्या ओळखतो आणि तरी म्हणतो, ही माझी बायको नव्हे.

त्याचीही चूक म्हणता येत नाही. त्याने चिता पाहिलीय. डोळ्यांनी पाहिलेलं खरं मानायचं की समोरची बाई सांगतेय ते, या पेचातून सिनेमा उभा राहतो.

आपल्याकडे बाईची ओळख फार काळ तिच्या अंगावरच्या खुणांनी ठरत आली. कुंकू, मंगळसूत्र, साडीचा रंग. पांढरी साडी दिसली की प्रेक्षकाने विधवा किंवा भूत समजावं आणि भरलं कपाळ दिसलं की सून. खोसला यांनी या सवयीचाच फायदा घेतला. त्यांनी खुणा बदलल्या आणि आपण बाई बदलली असं समजलो. म्हणून हे सिनेमे आज पाहताना रहस्याइतकीच दुसरी एक गोष्ट टोचते: एवढ्या सगळ्यांमध्ये तिच्या शब्दाला किंमत द्यावी असं कोणालाच सुरुवातीला वाटत नाही.

हिचकॉकशी तुलना कुठे जुळते, कुठे नाही?

मेलेल्या स्त्रीसारखीच दुसरी स्त्री समोर येणं, ही कल्पना हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'मध्ये (१९५८) आहे. पण हिचकॉक तिथे रहस्य शेवटाच्या बरंच आधी प्रेक्षकाला सांगून टाकतात. नायकाला मात्र कळू देत नाहीत. म्हणजे पिशवीत बॉम्ब आहे हे आपल्याला दाखवतात आणि मग वाट पाहायला लावतात.

खोसला शेवटपर्यंत मूठ झाकून ठेवतात. त्यामुळे त्यांचे सिनेमे पहिल्यांदा पाहताना जास्त पकडतात. दुसऱ्यांदा पाहायचे ते गाण्यांसाठी, छायाप्रकाशासाठी आणि साधना यांच्या चेहऱ्यासाठी. शेवट माहीत असताना तो चेहरा पाहिला, की कोणत्या वाक्याला ती खरं बोलत होती ते कळतं.

खोसला आणि आणखी दोन मराठी कादंबऱ्या

'मेरा साया' हा योगायोग नव्हता. खोसला मराठी कथांकडे पुन्हा आले, तेही एकाच लेखकाच्या. चंद्रकांत काकोडकर यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून 'दो रास्ते' (१९६९) झाला, आणि 'अशी तुझी प्रीत'वरून 'मैं तुलसी तेरे आँगन की' (१९७८). पहिला राजेश खन्ना यांच्या ऐन भरातला मोठा हिट. दुसऱ्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं फिल्मफेअर मिळालं. हे रहस्यपट नव्हेत, घराघरातली गोष्ट सांगणारे सिनेमे आहेत.

काकोडकर यांचं नाव कायद्याच्या पुस्तकांतही आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आलेल्या त्यांच्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी त्यांच्या दुसऱ्या कथेवरचा 'दो रास्ते' देशभर गर्दी खेचत होता.

देवकुळे आणि काकोडकर ही नावं आज ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात शोधावी लागतात. त्यांच्या गोष्टी मात्र अजूनही लोक पाहतायत, फक्त त्या कोणाच्या हे न कळता.

सुरुवात कुठून करावी?

एकच सिनेमा पाहायचा असेल, तर 'वो कौन थी?'. रात्री, दिवे घालवून.

दोन पाहायचे असतील, तर आधी 'पाठलाग' आणि मग 'मेरा साया'. क्रम उलटा करू नका. मूळ गोष्ट आधी मराठीतून कळली, की हिंदीत काय बदललं आणि काय तसंच ठेवलं हे नीट दिसतं.

तिसरा 'सी.आय.डी.', चौथा 'बम्बई का बाबू'. 'काला पानी' नलिनी जयवंत यांच्यासाठी. 'अनिता' सगळ्यात शेवटी.

आणि एक विनंती. पाहून झाल्यावर शेवट कॉमेंटमध्ये लिहू नका. 'मेरा साया'बद्दल काही टाकणारच असाल, तर खाली जयंत देवकुळे यांचं नाव मात्र जरूर लिहा.